मॅटलॅब फुकट होतं तेव्हा

मॅटलॅबच्या लायसन्सची किंमत बघून छातीत धडकी भरली असेल ना? पण हे सॉफ्टवेअर मुळात विद्यार्थ्यांसाठीच लिहिलेलं होतं. १९७०च्या दशकाच्या अखेरीस क्लीव्ह मोलर न्यू मेक्सिको विद्यापीठात शिकवत होते. मॅट्रिक्सची गणितं करणारी लिनपॅक आणि आइसपॅक ही पॅकेजं वापरण्यासाठी विद्यार्थ्यांना फोरट्रान लिहावं लागू नये, एवढाच त्यांचा हेतू. प्रती विद्यापीठांत मोफत फिरल्या. १९८४मध्ये मॅथवर्क्स कंपनी निघाली, आणि पहिलं गिऱ्हाईक कोण, तर एमआयटी: १० प्रती.

१९९२मध्ये जॉन ईटन यांनी ऑक्टेव्ह लिहायला घेतलं. मूळ कल्पना केमिकल रिअ‍ॅक्टरच्या पाठ्यपुस्तकाला जोड देण्याची. (नाव संगीतातलं नाही बरं का, ऑक्टेव्ह लेव्हनस्पील या प्राध्यापकांचं आहे.) मॅटलॅबचा साधा कोड त्यात बहुतेक तसाच चालतो, सिम्युलिंक मात्र विसरा.

आधी विद्यापीठाचं कॅम्पस लायसन्स आहे का ते विचाराच. पण पदवी मिळाली की ते लॉगिन जातं, आणि प्रबंधाचा कोड तुम्हालाच चालवता येत नाही. क्रॅक कॉपीवर काम केलंत, तर पेपरात व्हर्जन काय लिहाल? म्हणून मी म्हणेन, मुख्य कोड पहिल्या दिवसापासून ऑक्टेव्हवरही चालवून बघा. सायलॅब शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईची स्पोकन ट्युटोरियल्स मराठीतही आहेत.