पाणी निवळणे : पिंपळवंडी व कुकडी खोरे

पाण्यात तरंगणारी माती तळाशी बसून पाणी नितळ होणे, किंवा उपाय करून ते तसे करणे. पिंपळवंडी हे पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील, नारायणगाव-आळेफाटा पट्ट्यातले कुकडीकाठचे गाव. नदीच्या वरच्या अंगाला माणिकडोह व येडगाव ही धरणे, पात्रात कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे आणि शिवारात प्लास्टिकच्या कागदाची शेततळी असल्याने लहान-मोठ्या सगळ्या साठ्यांतला गढूळपणा या परिसरात शेजारीशेजारी पाहायला मिळतो.

गढूळपणा किती टिकेल हे मातीच्या कणाच्या आकारावर ठरते. स्थिर पाण्यात 0.1 मिलिमीटरचा वाळूचा कण एक मीटर खाली जायला साधारण दोन मिनिटे घेतो. 0.01 मिलिमीटरच्या पोयट्याच्या कणाला सुमारे तीन तास लागतात आणि 0.001 मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला जवळजवळ 13 दिवस. कण दहापट बारीक झाला की वेळ शंभरपट वाढतो. त्यातही हे 13 दिवस पाणी अगदी निश्चल असेल तरच. वाऱ्याची लाट, डुंबणारी म्हैस किंवा तळ उकरून खाणारा सायप्रिनस मासा एवढेही पाणी पुन्हा ढवळायला पुरते. काळ्या मातीतले चिकण कण तर ऋणभारित असतात. ते एकमेकांना दूर लोटतात, त्यामुळे त्यांचे गोळे होत नाहीत आणि ते महिनोन्‌महिने तरंगत राहतात. निवळण्याचे बहुतेक उपाय हा भार मारून कणांना एकत्र आणण्यासाठी असतात.

हंड्यात तुरटी फिरवतात ती यासाठीच. तुरटीतल्या अॅल्युमिनियमचा धनभार कणांना जोडतो, कापसासारखे पुंजके होतात आणि तळाशी बसतात. तुरटीखेरीज आपल्याकडे जुन्या काळापासून निवळीचे बी आहे. हिचे संस्कृत नाव कतक, आणि झाडाचे मराठी नाव त्याच्या कामावरूनच पडलेले. बी भांड्याच्या आतल्या बाजूस घासून मग त्यात पाणी भरण्याची रीत होती. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी स्वच्छ करणाऱ्या सात वस्तू सांगितल्या आहेत. त्यांत कतक पहिले येते आणि पाणी गाळायचे वस्त्रही आहे. शेवग्याच्या बियांची पूडही असेच काम करते, कारण तिच्यातील प्रथिने धनभारित असतात. मात्र पूड टाकलेले पाणी फार वेळ ठेवू नये. बियांतला सेंद्रिय अंश त्यात राहतो आणि पाणी लवकर नासते.

शेततळ्याला हिशेब करावा लागतो. वरून 30 बाय 30 मीटर, तीन मीटर खोल आणि एकास एक उताराच्या तळ्यात सुमारे 2,196 घनमीटर पाणी मावते. तुरटीचे प्रमाण घनमीटरला साधारण 25 ते 50 ग्रॅम, म्हणजे अशा भरल्या तळ्याला निदान 55 किलो. जिप्सम घनमीटरला 250 ते 500 ग्रॅम लागते, म्हणजे किमान साडेपाच क्विंटल. तुरटी लवकर गुण देते, पण पाणी आम्लाकडे झुकवते. तळ्यात मासे असतील आणि पाण्यात क्षार कमी असतील तर तिने मासे दगावू शकतात. जिप्सम सावकाश काम करते व मासे सांभाळते, पण पाण्याचा जडपणा वाढवते. म्हणून आधी बाटल्या भरून पाहाव्यात, हेच शहाणपणाचे. तळ्याचेच पाणी चार-पाच बाटल्यांत घ्यावे, प्रत्येकीत वाढते प्रमाण टाकून ढवळावे आणि एक बाटली तशीच ठेवावी. ती काही न टाकलेली बाटली आठवड्यात आपोआप निवळली, तर पैसे खर्चायचे कारण नाही. पाणी मातकट नसून हिरवट दिसले तर ते शेवाळ असते. त्याचे कारण खतावलेले पाणी व ऊन, आणि त्याचा उपायही वेगळा.

द्राक्ष आणि टोमॅटोच्या या पट्ट्यात निवळलेल्या पाण्याची निकड मुख्यतः ठिबकमुळे आहे. ड्रीपरमधली वाट जेमतेम मिलिमीटरभर असते. सँड फिल्टर आणि डिस्क फिल्टर मोठे कण अडवतात, पण चिकणमाती त्यांतून निसटून नळीच्या शेवटी साचते. म्हणून पंपाचा फूटव्हॉल्व्ह तळापासून वर, तरंगत्या ड्रमला बांधलेला बरा. वरच्या थरातले पाणी आधी निवळते.

नदीवरच्या बंधाऱ्यात तुरटीचा प्रश्नच उद्भवत नाही. तिथले शहाणपण वेळ साधण्यात आहे. कोल्हापुरी बंधाऱ्याचे ढापे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाळ्यात काढलेले असतात, त्यामुळे मातीने भरलेला पूर अडथळ्याविना निघून जातो. पूर ओसरून पाणी नितळ झाले की ढापे दोन ओळींत बसवून मधल्या जागेत माती ठासतात आणि मागचे पाणी साठवतात. गढूळ पाणी आत घेऊन मग निवळत बसण्यापेक्षा ते आत येऊच न देणारी ही रचना मला इतर सर्व उपायांहून सरस वाटते. तीच गोष्ट शिवनेरी किल्ल्यावरील गंगा-जमुना टाक्यांची. कातळात खोदलेल्या या टाक्यांच्या भिंती व तळ खडकाचे. आतून उकरली जाईल अशी माती तिथे नाही.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आयएस 10500 (2012) गढूळपणाची स्वीकार्य मर्यादा 1 एनटीयू (गढूळपणा मोजायचे एकक) आणि दुसरा स्रोत नसेल तेव्हा 5 एनटीयू ठरवते. ही मर्यादा निव्वळ दिसण्यासाठी नाही. मातीच्या कणांआड जंतू लपतात आणि ग्रामपंचायतीने टाकलेली टीसीएल (क्लोरीनची) पावडर त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. आधी पाणी निवळावे, मग क्लोरीन टाकावे, हा क्रम उलटवू नये. नुसते नितळ दिसणारे पाणीही क्लोरीनशिवाय पिऊ नये.

धरण ही मुळात निवळण्याचीच टाकी आहे. नदीचा वेग भिंतीमागे मरतो, जड माती फुगवट्याच्या तोंडाशी आणि बारीक माती भिंतीकडे बसते. पाणी नितळ होते ते साठवणीची जागा गमावून. कुकडी प्रकल्पातील माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे या पाचही धरणांच्या माथ्याला सह्याद्रीचे जोरपावसाचे उतार आहेत. त्या उतारांवरची माती किती सैल असू शकते हे 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावाने दरडीखाली दीडशेहून अधिक माणसे गमावून पाहिले. 2017 पासून राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून उन्हाळ्यात साठ्यांतला गाळ काढून शेतात पसरवला जातो. शेताला बांध धड नसेल तर तोच गाळ मृगाच्या पहिल्या सरींबरोबर ओढ्यातून पुन्हा तळ्यात उतरतो.