मानेगांवचा उल्कापाषाण

विमानतळासाठीं उलव्याची टेकडी फोडली, तेव्हां सुमारें ६.५ कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा काळा पाषाण उघडा पडला. तसल्याच पाषाणाच्या खानदेशांत, मानेगांवीं, २९ जून १८४३ रोजीं आकाशांतून एक दगड पडला. तोही अग्निजन्यच, मात्र लाव्ह्यासारखा वाहिलेला नव्हे, खोलवर सावकाश थिजलेला. अशांना डायोजेनाइट म्हणतात. वय सुमारें ४५० कोटी वर्षें! सह्याद्रि त्यापुढें कालचें पोर.

पण त्याचें माहेर कोणतें? हॉवर्डाइट नांवाच्या उल्कापाषाणांत या खडकाचे आणि खऱ्या लाव्ह्याचे तुकडे एकत्र चिकटलेले आढळतात. अर्थात् दोघे एकाच घरचे. १९७० सालीं व्हेस्टा या लघुग्रहाच्या प्रकाशांत तशाच लाव्ह्याची खूण सांपडली. २०११ सालीं डॉन यान तेथें पोंचलें. दक्षिण ध्रुवाशीं प्रचंड आघातविवर दिसलें. तेथूनच हे तुकडे उडाले असावेत.