शेळी आरोपी, मधमाशी लाडकी. आणि शहरात जागा दोघींनाही नाही

(पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. विषय हौसेचा वाटेल, पण शेवटपर्यंत गेलात तर तो महापालिकेच्या आराखड्यापर्यंत पोहोचतो.)

मित्रांनो, हल्ली मोबाईल उघडला की एक व्हिडिओ हमखास दिसतो. मुळशी-पानशेतकडचं टुमदार फार्महाऊस, अंगणात उड्या मारणारी करडं, मागच्या बाजूला मधमाश्यांच्या दोन पेट्या, आणि खाली लिहिलेलं असतं, 'असं जगायला हवं'. बघायला मलाही आवडतं. पण हे बघताना एक गोष्ट आपण विसरतो. शेळी आणि मधमाशी ही पैसेवाल्यांची हौस कधीच नव्हती. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याची ही दोन साधनं. बाकी सगळ्या शेतीला जमीन लागते. या दोघींना लागतो पाला आणि फुलोरा, आणि तो कोणाच्याही बांधावरचा चालतो.

म्हणूनच या दोघींचा इतिहास म्हणजे खरं तर सार्वजनिक जागा कोणाची, याचा इतिहास आहे. मी वारज्यात राहतो, म्हणून आपल्या पुण्याच्या अंगानेच सांगतो.

सुरुवात शेळीपासून करू. 1878 साली इंग्रजांनी नवा वन कायदा आणला आणि राखीव जंगलांच्या हद्दी आखायला घेतल्या. टेकड्या, पडीक रानं, गावं जिथे पिढ्यान्‌पिढ्या जनावरं सोडत होती त्या जागा, एकामागून एक वनखात्याच्या नकाशात गेल्या. चराईला फी आली, परवाने आले, दंड आले. शेळीला तर अनेक राखीव जंगलांत पाऊल ठेवायची सोय राहिली नाही. साहेबाच्या लेखी शेळी म्हणजे कोवळा शेंडा खाणारी, रोप उभं राहू न देणारी गुन्हेगार.

याविरुद्ध खणखणीत तक्रार कोणी केली? आपल्या पुण्यातल्या जोतीराव फुल्यांनी. 'शेतकऱ्याचा असूड' 1883 सालचं. शाळा-शिक्षणासाठी आपण तो वाचतो, पण त्यात वनखात्यावरही भरपूर लिहिलंय. डोंगरटेकड्यांसकट गायरानं सरकारने जंगलात घातली आणि गरिबांच्या शेरडा-करडांना चरायला जागा उरली नाही, असं ते तिथे मांडतात. लक्षात घ्या, हे लिहिणारा माणूस खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला साहित्य पुरवणारा कंत्राटदारही होता. मुठेचं खोरं त्यांच्या चांगल्या ओळखीचं. धरण, कालवा, जंगलखातं ही इंग्रजी राज्याची 'सुधारणा' त्यांनी जवळून पाहिली होती, आणि तिचा भार कोणावर पडतो तेही पाहिलं होतं.

आता मधमाशीकडे वळू. तिची गोष्ट अगदी उलट आहे.

आपल्याकडे मध पूर्वीपासून काढत होतेच. मशाल लावायची, धूर करायचा, पोळं कापायचं आणि पिळायचं. मधाबरोबर अंडी-अळ्या चिरडल्या जायच्या आणि वसाहत संपायची. मधमाशीला पेटीत ठेवायचं शास्त्र बाहेरून आलं. 1851 साली अमेरिकेत लँगस्ट्रॉथ नावाच्या धर्मोपदेशकाने हलत्या चौकटींची पेटी बनवली. चौकटींमध्ये माशीला ये-जा करण्यापुरतीच फट सोडली, तर माश्या ती मेणाने बुजवत नाहीत, हे त्याच्या ध्यानात आलं. त्यामुळे पोळं न मोडता चौकट उचलून मध काढता येऊ लागला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिरुचिरापल्लीजवळ फादर न्यूटन यांनी ही पेटी आपल्या देशी, अंगाने लहान असलेल्या माशीसाठी छोटी करून घेतली.

ही देशी माशी म्हणजे सातेरी. झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, वारुळात अंधारात पोळी बांधणारी, म्हणून पेटीत राहायला तयार. इमारतीच्या सज्जाखाली उघड्यावर भलंमोठं एकच पोळं लटकवते ती आग्या. झुडपात तळहाताएवढं पोळं करते ती फुलोरी. या दोघी पेटीत राहत नाहीत. एवढा फरक माहीत असला तरी पुष्कळ गैरसमज टळतात.

गांधीजींनी 1934 साली वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ काढला, तेव्हा घाणीचं तेल, हातकागद, गूळ यांच्या रांगेत मधमाशापालनही बसलं. 1946 साली महाबळेश्वरला सरकारी पातळीवर हे काम सुरू झालं आणि त्यातून आजचं मध संचालनालय उभं राहिलं. तिथल्या मधपाळांची सहकारी सोसायटी झाली. जांभूळ, हिरडा, गेळा आणि सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी, यांवर जावळीच्या डोंगरातली घरं चार पैसे कमावू लागली. 1962 साली केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था निघाली, तीही आपल्या पुण्यात, गणेशखिंड रस्त्यावर. अलीकडे, 2022 च्या मे महिन्यात, महाबळेश्वरजवळचं मांघर देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं.

सगळंच गोड झालं असं नाही. 1991-92 च्या सुमारास थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूजन्य रोगाने दक्षिणेतल्या राज्यांमध्ये सातेरीच्या बहुतेक वसाहती संपवल्या. त्यानंतर अनेकांनी युरोपीय मेलिफेरा धरली. ती मध जास्त देते, पण तिच्या पेट्या ट्रकमध्ये घालून फुलोऱ्यामागे फिरवाव्या लागतात. भांडवल लागतं. म्हणजे बिनजमिनीच्या माणसाचा धंदा हळूहळू भांडवलवाल्याकडे सरकू लागला.

तरी सरकारच्या लेखी मधमाशी लाडकीच राहिली. आणि शेळी?

गंमत बघा. गांधीजींनी 1919 पासून दूध घेतलं ते शेळीचं. 'गरिबाची गाय' हे बिरुद तिला त्याच काळात चिकटलं. पण स्वातंत्र्यानंतरही सरकारी फायलीत ती आरोपीच. आदर्श गाव योजनेच्या पंचसूत्रीत कुऱ्हाडबंदीबरोबर चराईबंदी आली. हिवरे बाजारसारख्या गावांनी ती मनापासून पाळली आणि त्यांच्या टेकड्या खरोखर हिरव्या झाल्या, हे मान्यच करायला हवं. मोकाट चराईने उघड्या उतारावरची रोपं जगत नाहीत, हे खरं आहे. पण प्रश्न मोकाट चराईचा आहे की शेळीचा? 1987 साली केंद्रीय कृषी मंत्रालयासाठी हनुमंत राव यांच्या अध्यक्षतेखालच्या कृती गटाने नेमकं हेच तपासलं. जमिनीची, जंगलाची नासाडी होते त्याचं खापर एकट्या शेळीवर फोडायला पुरावा नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. नासाडीची कारणं माणसांच्या कारभारात होती. रान आधी उजाड होतं, गाई-म्हशी तिथे जगत नाहीत, मग उरते ती शेळी. शेवटी दिसते म्हणून चोर ठरते.

2019 च्या पशुगणनेत देशात 14.88 कोटी शेळ्या मोजल्या गेल्या. महाराष्ट्रात एक कोटीच्या वर. पाच महिन्यांचा गाभणकाळ, बऱ्याचदा जुळी करडं. उस्मानाबादी तर त्यासाठी प्रसिद्धच, आणि आपल्या पुणे-नगर भागाची संगमनेरी दुधालाही बरी. पोरीची फी भरायची, दवाखाना निघाला, की एक बोकड विकायचा. बँकेचं एटीएम यायच्या कितीतरी आधी हे एटीएम दारात बांधलेलं होतं. आणि ते बहुतेक घरात बाईच्या हातात होतं. करडाला जन्मल्यावर तासाभरात चीक पाजणं, थंडीत गोणपाटावर ठेवणं, आंत्रविषाराची लस चुकू न देणं, ही सगळी तिची कामं.

आता वारज्यात येऊ.

1997 साली पुणे महापालिकेची हद्द वाढली, त्यात वारजे शहरात आलं. त्याआधी हे मुठेकाठचं शेतीचं गाव. हद्दीत आल्यावर रस्ते आले, पाणी आलं, ड्रेनेज आलं. ते हवंच होतं. पण त्याबरोबर एक गोष्ट गुपचूप झाली. विकास आराखड्यात शाळा, बाग, दवाखाना, पार्किंग यांचे रंग असतात. गोठ्याचा रंग नसतो. गायरानाचा नसतो. बांधावरच्या बोरी-बाभळीचा तर अजिबात नसतो. आणि बोर, बाभूळ, शेवगा ही झाडं अशी, की त्यांचा पाला शेळी खाते आणि फुलं मधमाशी. बांध गेला की दोघींचं ताट एकदमच जातं.

कोणी शेळीवर बंदी घातली नाही, मधमाशीला हाकललं नाही. फक्त त्यांच्यासाठी जागा ठेवली नाही. 1878 साली निदान कायदा करावा लागला होता. या वेळी नकाशा पुरला.

उरली ती आग्या. ती परवानगी मागत नाही, सहाव्या मजल्यावर येऊन बसते. आमच्या भागातल्या एका सोसायटीत दोन वर्षांपूर्वी मोहोळ लागलं. संध्याकाळी पेस्ट कंट्रोलवाले आले, फवारलं, सकाळी सफाई करणाऱ्या मावशींनी माश्या झाडून बादलीत भरल्या. ग्रुपवर अंगठे पडले. आग्या हंगाम बदलला की आपणहून उठून जाते, हे मी तिथे लिहिलं होतं. 'आमच्या पोरांना चावली तर?' असं उत्तर आलं. भीती खोटी नाही. जोराचा आवाज, धूर, दगड यांनी बिथरलेलं मोहोळ जीवघेणं ठरू शकतं. पण म्हणूनच जाणकाराला बोलवायचं असतं. आणि देशातली मधमाशीची केंद्रीय संस्था याच शहरात आहे! शेळी-मेंढीचं अहिल्यादेवी महामंडळही याच शहरात, गोखलेनगरला. कार्यालयं शहरात, जनावरं शहराबाहेर, असा आपला हिशेब.

वारज्याकडे दाखवण्यासारखं एक आहे, ते म्हणजे टेकडीवरचं नगरवन. 5 जून 2020 ला केंद्राने देशभरात 200 नगरवनांची योजना जाहीर केली, तेव्हा नमुना म्हणून याच वनाचं नाव घेतलं. 16.8 हेक्टर उजाड टेकडी लोकांनी आणि वनखात्याने मिळून हिरवी केली. मला त्याचा अभिमान आहे. तिथे करडं सोडा असं मी म्हणत नाही. पण इतक्या फुलोऱ्यात प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली सातेरीच्या काही पेट्या का नसाव्यात? ज्यांच्या आजोबांनी या टेकडीवर शेरडं चारली, त्यांच्याच नातवंडांना ते काम का देऊ नये?

आणि शेळीसाठी तर जागा कमीच लागते. बंदिस्त शेळीपालन आता सगळे जाणतात. शहरात झाडांची छाटणी होते, त्यातला खाण्याजोगा पाला कचरा म्हणून ट्रकने जातो. तो जवळच्या गावातल्या शेळीवाल्यांना द्या. खर्च वाचेल तो पालिकेचाच.

हे आज लिहायचं कारण म्हणजे गोष्ट पुढे सरकली आहे. वारज्यावरून एनडीए रस्त्याने निघा. शिवणे, उत्तमनगर 2017 साली हद्दीत आले. पुढचं कोंढवे-धावडे, कोपरे 2021 च्या 23 गावांमध्ये आलं. तिथे अजून परसात शेळ्या दिसतात, बांधावर बोरी आहेत, ढोलीत सातेरी आहे. वारज्यात जे झालं ते तिथे व्हायला अजून थोडा अवधी आहे.

मागणी साधी आहे. या गावांच्या आराखड्यात चाऱ्यासाठी आणि गोठ्यासाठी सामाईक जागा राखा. ओढ्याकाठच्या देशी झाडांची नोंद घ्या. मोहोळ हलवायला प्रशिक्षित पथक आणि एक फोन नंबर प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात ठेवा. हरकती-सूचना मागवतात तेव्हा आपण रस्त्याच्या रुंदीवर हरकती घेतो. या वेळी यावरही घेऊ.

आणि वारजे, माळवाडी, शिवणे, उत्तमनगर भागातल्या जुन्या मंडळींना विनंती. 1997 च्या आधी तुमच्या वाड्यात किती शेरडं होती, कोणत्या टेकडीवर चरायची, मोहोळ कुठे लागायचं, खाली कमेंटमध्ये लिहा. आई-आजीला विचारून लिहा. हरकत नोंदवायला जाऊ तेव्हा हातात हाच पुरावा असेल.