बॅटरीच्या खोलीपासून पेटीपर्यंत

फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लान्ते यांनी १८५९ मध्ये शिशाचे पत्रे सौम्य गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भारित करता येणारा विद्युत्घट तयार केला आणि १८८१ मध्ये कामिय फोर यांनी त्या पत्र्यांना शिशाच्या संयुगांचा लेप देऊन त्याची क्षमता वाढवली. त्यामुळे घरात वीज साठवणे व्यवहार्य झाले. मात्र विजेबरोबर एका वायूचीही सोय लावावी लागली. घट भरत आल्यावर, म्हणजे त्याचा दाब साधारण २.४ व्होल्टच्या पुढे गेल्यावर, येणारी वीज पाण्याचे विघटन करू लागते आणि त्यातून हायड्रोजन व ऑक्सिजन बाहेर पडतात. सहा घटांच्या बारा व्होल्टच्या बॅटरीत एक अँपिअर-तास जादा वीज गेली, तर सुमारे अडीच लिटर हायड्रोजन निघतो; हवेत त्याचे प्रमाण चार टक्के झाले की ठिणगी पुरते. शंभर लिटर हवा मावणाऱ्या बंद पेटीत ही मर्यादा दोन अँपिअर-तासांच्या आतच ओलांडली जाते.

अमेरिकेत १९१६ पासून विकल्या गेलेल्या ‘डेल्को-लाइट’ या ३२ व्होल्टच्या शेतघरांसाठीच्या संचात काचेच्या बरण्यांतील सोळा घट उघड्या मांडणीवर ठेवले जात, त्यामुळे वायू कोंडण्याचा प्रश्न फारसा उद्भवत नसे. त्याच वर्षी जानेवारीत ब्रुकलिनच्या नौदल गोदीत ‘ई-२’ या पाणबुडीत, एडिसन यांच्या निकेल-लोह बॅटऱ्यांची चाचणी चालू असताना, हायड्रोजनचा स्फोट होऊन माणसे दगावली. या बॅटरीत आम्ल नसते, म्हणजे दोष आम्लाचा नसून पाण्याच्या विघटनाचा आहे, हे त्या अपघातातून उघड दिसते.

महाराष्ट्रात भारनियमनाच्या काळात इन्व्हर्टर घरोघरी आला आणि बॅटरी जिन्याखालच्या कपाटात शिरली. तिच्यात दर काही महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते, आणि घटलेल्या त्या पाण्याचा बराच भाग वायुरूपाने त्याच कपाटात गेलेला असतो, हे सहसा कोणी लक्षात घेत नाही. अशी बॅटरी पेटीत ठेवायची, तर हायड्रोजन हवेपेक्षा सुमारे चौदापट हलका असल्याने वायू बाहेर जाण्याचे भोक पेटीच्या सर्वांत उंच बिंदूवर, ताज्या हवेचे खाली, आणि रिलेच्या ठिणग्या पडू शकणारा इन्व्हर्टर पेटीबाहेर, ही मांडणी त्यातूनच येते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी नेहमीच्या वापरात वायू सोडत नाही, म्हणून तिच्या पेटीत प्रश्न मुख्यतः उष्णतेचा असतो. पण तिचा घट बिघडून तापत गेला, तर निघणारा ज्वलनशील वायू इतक्या वेगाने येतो की शिसे-आम्ल बॅटरीसाठी पाडलेली भोके त्याला अपुरी पडतात.