ड्रमचा आवाज विकत घेतला, म्हणजे नेमकं काय घेतलं?

आज तुम्ही ड्रमचं सॉफ्टवेअर डाउनलोड करता, तेव्हा विकत काय घेता? उत्तरासाठी १९८० मध्ये जाऊ. रॉजर लिन यांच्या एलएम-१ या ड्रम मशीनमध्ये खऱ्या ड्रमचे आवाज मेमरी चिपवर साठवलेले होते. किंमत सुमारे ५,००० डॉलर! मेमरी इतकी महाग, की लांब घुमणाऱ्या क्रॅश आणि राइड या झांजा त्यात नव्हत्याच. त्या १९८२ च्या लिनड्रममध्ये आल्या. त्यात नवा आवाज हवा, तर चिप काढायची, दुसरी बसवायची. जुनी चिप तुमचीच. हवी तर विका. आता मेमरी स्वस्त झाली, पण हाती येतो तो वापराचा परवाना. तो दुसऱ्याला विकायचा, तर अनेकदा कंपनीची संमती लागते. म्हणून तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना फक्त किंमत नोंदवून थांबू नका. मालकी कुणाकडे राहिली, हेही विचारा.