खुर्चीलाही ‘धिस’

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांची रीत अशी: मराठी वाक्य घ्या, इंग्रजी करा. इंग्रजी तेव्हा बहुधा पाचवीत भेटे. २००० साली ते राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून आले. रीत मात्र मनातून गेली नाही.

मालवणकडच्या मुलाला माड ‘ह्यो’, होडी ‘ही’, जाळां ‘ह्यां’. इंग्रजीत तिन्ही ‘धिस’. लिंगाची कटकट सुटली म्हणून मूल खूश! गाडे अडते आदरार्थी बहुवचनापाशी. ‘हे माझे आजोबा आहेत’ याचे ते ‘धीज आर माय ग्रँडफादर’ करते. वहीत लाल रेघ. चूक खरीच, पण मला ती अडाणी वाटत नाही. दुरुस्त वाक्य वाचताना मूल घुटमळते: खुर्चीलाही धिस, आजोबांनाही धिस?