वृद्धरोगतज्ज्ञ काय करतात आणि खानदेशात आपण काय मागायचे?

"वय झालं, आता चालायचंच." आजी पडल्या, आजोबा विसरू लागले किंवा रात्री बरळू लागले की हेच ऐकू येते. जळगाव-धुळ्याच्या वस्त्यांत काम करताना आम्ही ते वारंवार ऐकतो. पण पडणे, विसरणे, लघवीवर ताबा न राहणे यामागे अनेकदा शोधता येणारे कारण असते. ते शोधणारे डॉक्टर म्हणजे वृद्धरोगतज्ज्ञ, म्हणजेच जेरियाट्रिशियन.

वेगळा डॉक्टर कशासाठी?

उतारवयात आजाराची लक्षणे बदलतात. न्यूमोनियात ताप येईलच असे नाही, माणूस अचानक भ्रमिष्टासारखे वागू लागतो. एकाच व्यक्तीला मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी असते आणि प्रत्येकाच्या गोळ्या वेगळ्या डॉक्टरांच्या. वृद्धरोगतज्ज्ञ सगळ्या गोळ्या एकत्र पाहतात, नको त्या बंद करतात. चालणे, स्मृती, दृष्टी, आहार, मनःस्थिती आणि घरी सांभाळणारे कोण आहे, हेही तपासतात.

लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात डॉ. मार्जोरी वॉरेन यांनी १९३५ पासून वर्षानुवर्षे खाटेला खिळलेल्या वृद्धांची नीट तपासणी केली. योग्य उपचारानंतर त्यांतले अनेक जण पुन्हा चालू लागले. भारतात या विषयाचे एम.डी. शिक्षण १९९६ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजात डॉ. व्ही. एस. नटराजन यांच्या पुढाकाराने सुरू झाले.

आपल्या भागाचा प्रश्न

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात दहातील जवळपास एक व्यक्ती साठीच्या पुढची होती. आपल्याकडे मुले कामासाठी सुरत, पुणे, नाशिकला जातात, म्हातारी माणसे मागे राहतात. जळगाव-भुसावळचा उन्हाळा ४५ अंशांवर जातो. वयानुसार तहान कमी जाणवते, त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर शरीरातले पाणी झपाट्याने कमी होते. मजुरीने झिजलेल्या सांध्यांसाठी मेडिकलवरून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या किडनीवर बेततात.

हक्क काय आहेत?

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ व कल्याण कायदा, २००७ च्या कलम २० मध्ये ज्येष्ठांसाठी स्वतंत्र रांग आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात, वृद्धसेवेचा अनुभव असलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हाताखाली, त्यांच्यासाठी राखीव सुविधा असावी असेही त्यात म्हटले आहे. २०१०-११ पासूनच्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात वृद्धांची ओपीडी व १० खाटांचा वॉर्ड, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा क्लिनिक अपेक्षित आहे. याच कार्यक्रमात मुंबईचे जे. जे. रुग्णालय प्रादेशिक केंद्र आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान वय वंदना कार्डावर कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत भरती उपचारांचे संरक्षण आहे. ओपीडीचा खर्च त्यात येत नाही.

तरुणांनी काय करावे?

१. घरातल्या वृद्धांच्या सर्व गोळ्या, काढे, मलमे एका पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. मनाने एकही गोळी बंद करू नका.

२. खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जाऊन परत बसायला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे. ही चाचणी घेताना शेजारी उभे राहा.

३. अचानक झालेला भ्रम म्हणजे तातडीचा आजार. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

४. विहारात किंवा समाजमंदिरात वय वंदना कार्डाचे शिबिर घ्या. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ फलकावर लिहा.

५. जिल्हा शल्यचिकित्सकांना माहिती अधिकारात विचारा: वृद्धांची ओपीडी कोणत्या वारी असते, खाटा किती, अनुभवी अधिकारी कोण?

जळगावात २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. या दोन्ही ठिकाणी वृद्धरोगतज्ज्ञाचे पद असावे, ही मागणी कायद्याला धरूनच आहे. ती लेखी करा आणि पोच घ्या.